सेंट लुईसमध्ये एकच दिवस आहे, कोणत्या जुन्या वास्तू पाहाव्यात?

गेटवे आर्च सगळेच पाहतात. १९६५ साली पूर्ण झालेली ही ६३० फूट उंच कमान, पाहाच. पण माझं ऐकाल तर आधी उत्तरेला चालत ईड्स पुलावर जा. १८७४ साली मिसिसिपीवरच्या या पोलादी कमानींवर लोकांचा भरवसा बसेना, म्हणून उद्घाटनाआधी पुलावरून चक्क हत्ती चालवला! (कच्च्या पुलावर हत्ती पाय ठेवत नाही, हा तेव्हाचा समज.) पाया खणताना नदीतळाशी दाबाच्या हवेत काम केल्याने डझनभराहून जास्त मजूर दगावले, तेही आठवा. आर्चच्या पश्चिमेला ओल्ड कोर्टहाउस आहे. गुलामगिरीतून सुटकेसाठीचा ड्रेड स्कॉटचा खटला १८४७ मध्ये इथेच चालला. वेळ उरला तर वास्तुरचनाकार लुई सलिव्हनची १८९१ची दहामजली वेनराइट इमारत, बाहेरूनच.