चुना नंतर, आधी पाणी शोधा

परसदार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मावशी, आमच्याकडे वीसेक गावठी कोंबड्या आहेत. दिवसभर परसात मोकळ्या, रात्री खुराड्यात. खाली भाताचं तूस घातलंय. पाऊस लागल्यापासून तुसाच्या ढेपा होतात, दार उघडलं की डोळे चुरचुरतात. चुना मारला, फरक नाही. हे तूस काढून थेट भाजीला घातलं तर चालेल का? आणि पावसाळ्यात त्यांना बाहेर चरायला काय ठेवू?
– एक वाचक, लांजा

उत्तर : ताई, चुन्याची पिशवी आधी बाजूला ठेवा. डोळ्यांना झोंबतो तो अमोनिया, आणि ओल्या शिटेत चुना पडला की तो कमी न होता आणखीच सुटतो. तुम्ही दार लावून घरात जाता, कोंबड्या रात्रभर त्यातच बसतात. वर तुसाच्या ओल्या, उबदार गादीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, आणि पिल्लं त्यानेच पटापट जातात.

म्हणून पाणी कुठून येतं ते बघा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोनच जागा निघतात. एक, पाण्याचं भांडं. कोंबड्या त्यात पाय घालतात, लवंडतात. ते विटांवर ठेवून कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणा. दुसरी, पागोळ्या. पत्रा भिंतीपुढे हात-दीड हात काढा आणि झड येते त्या अंगाला झावळ्यांचा झाप लावा. पण वरची फट बुजवू नका, वारा खेळायलाच हवा. ताडपत्रीत गुंडाळलेलं खुराडं उघड्यापेक्षा वाईट.

मग गादी. ढेपा झालेलं तेवढं काढा, बाकी दाताळ्याने खालवर करा आणि कोरडं तूस घालून दोन-तीन इंचांची गादी करा. दर दोन दिवसांनी हलवलंत आणि वर थोडं थोडं घालत गेलात तर सहा इंचांपर्यंत चढू द्या. मूठभर दाबून बघायचं : गोळा झाला आणि तसाच राहिला तर ओलं, हात उघडताच फुटला तर ठीक. रात्री बसायच्या दांडीखाली सगळ्यात जास्त शीट साचते. तिथे जुना पत्रा टाकून रोज सकाळी खरवडा, निम्मं काम तिथेच संपतं. बुरशीचा वास येणारा पेंढा मात्र फुकट मिळाला तरी आत नेऊ नका, पिल्लांच्या छातीत ती बुरशी बसते.

आता भाजी. थेट नको. ताजी शीट नत्राने इतकी कडक की मुळं जळतात, शिवाय पालेभाजीला लागली तर पोट बिघडवणारे जंतू आपल्याच ताटात येतात. आधी कुजवा. तूस कोंबड्यांखाली छान, पण खतात हट्टी. सिलिकामुळे कुजता कुजत नाही. म्हणून एक थर खुराड्यातला, त्यावर दोन थर पातेरा (झाडाखालचा वाळका पाला) आणि चिरलेला पेंढा, असा तीन फूट उंच ढीग छपराखाली रचा. उघड्यावर रचलात तर पावसाबरोबर सत्त्व व्हाळात जाईल. चार-पाच दिवसांनी सळई आत खुपसून काढा. हातात धरवत नसेल तर ढीग तापलाय. आठवड्याने आतलं बाहेर, बाहेरचं आत करा. नाही तापला तर बहुधा पातेरा जास्त झालाय किंवा ढीग कोरडा आहे. तीनेक महिन्यांत मातीचा वास आला की वापरा. पहिला हात नारळाच्या आळ्यात, बुंध्यापासून दूर. गांडुळांच्या खड्ड्यात मात्र ताजी शीट घालू नका, गांडुळं मरतात.

चरण्याचं म्हणाल तर पावसात किडामुंगीची कमी नसते, अडचण चिखलाची असते. जुन्या मासेमारीच्या जाळ्याने परसाचे दोन भाग करा. एकात कोंबड्या, दुसऱ्यात गवत वाढू द्या, मग पालटा. भाजीचा वाफाही जाळ्याआडच, नाहीतर एका सकाळीत उकरून ठेवतील. शेवग्याचा पाला आणि टाक्यातला अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती) उत्तम. सुबाभूळ थोडाच, रोज नको. अंड्याचं कवच पातळ येत असेल तर तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, वाळवून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवा. हवे तेवढे त्या स्वतःच टिपतात. दाणे संध्याकाळीच टाका, म्हणजे अंधार पडायच्या आत घरी येतात. मुंगसालाही ती वेळ ठाऊक असते.

प्रश्न : कोंबड्यांखालचं तूस आमची गाय आवडीने खाते. खाऊ द्यावं का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : अजिबात नाही. त्यात एखादं मेलेलं पिल्लू किंवा उंदीर कुजलेला असला तर बोट्युलिझमची विषबाधा होते, गाय लुळी पडते आणि बहुधा वाचत नाही. ढिगाला कुंपण घाला, आणि मेलेला पक्षी खोल पुरा, उकिरड्यावर फेकू नका. गाय आधीच खात आली असेल आणि चालताना अडखळत असेल, तर आजच पशुवैद्यकाला बोलवा.