‘ॲडव्हाइस’ मोजू नका

आपण लातूरला राहून इंग्रजीचा अभ्यास नव्याने सुरू केला आहे, म्हणून आधी ‘ॲडव्हाइस’ या एकाच नामाविषयी लिहितो. मराठीत एक सल्ला, दोन सल्ले असे सहज होते. इंग्रजीत मात्र हे नाम मोजत नाहीत, त्यामुळे ‘ॲन ॲडव्हाइस’ हे रूप चुकीचेच ठरते. सोयाबीनच्या पेरणीबाबत परभणीच्या कृषी विद्यापीठाने दोन सल्ले दिले, तर ‘टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस’ असे लिहावे; साधे ‘सम ॲडव्हाइस’ही चालते आणि मला तेच अधिक आवडते. लिहिताना नामात ‘सी’ आणि ‘सल्ला देणे’ या अर्थाच्या क्रियापदात ‘एस’ येतो. बोलताना नामाचा शेवट ‘स’ने, तर क्रियापदाचा ‘झ’ने होतो. व्यापारी पत्रांत सूचना या अर्थी दिसणारे ‘ॲडव्हाइसेस’ हे अनेकवचन तूर्त बाजूला ठेवावे.