स्टिरॉइड लावून नायटा दबतो, बरा होत नाही

डॉक्टरांनी दिलेल्या तुमच्या कागदावर ‘टिनिया कॉर्पोरिस’ आणि ‘टिनिया क्रुरिस’ असं लिहिलंय. घरात आधीच्या कुठल्या तरी पुरळासाठी आणलेली मलमाची ट्यूब आहे. ती लावली की दोन दिवसांत खाज थांबते, सोडली की चट्टा आणखी मोठा होऊन परत येतो. नव्या औषधासोबत तीही लावत राहू का, असं तुम्ही विचारलंय. आधी त्या ट्यूबवर काय लिहिलंय ते बघा. मी फार्मासिस्ट आहे, आणि हाच प्रकार इतक्यांदा बघतो की सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

टिनिया म्हणजे डर्मॅटोफाइट गटातल्या बुरशीचा संसर्ग, आपला नायटा किंवा गजकर्ण. पुढचा शब्द फक्त जागा सांगतो. कॉर्पोरिस अंगावर, क्रुरिस जांघेत, पेडिस पायावर, कॅपिटिस डोक्यात. म्हणजे तुम्हाला दोन आजार झालेले नाहीत, एकच आजार दोन जागी आहे. (टिनिया व्हर्सिकलर हा प्रकार मात्र वेगळा, तो मॅलासेझिया नावाच्या यीस्टमुळे होतो.)

आता ट्यूब. ठळक छापलेलं नाव कंपनीनं दिलेलं असतं, ते सोडा आणि खालची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांतलं काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. तुम्ही सांगता त्यावरून मला तोच संशय आहे. नायट्यातली लाली आणि खाज हा शरीरानं बुरशीला केलेला प्रतिकार असतो. स्टिरॉइड तो प्रतिकारच दाबतं, म्हणून आराम पडतो आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. ज्या उठावदार, खपल्यांच्या कडेवरून नायटा ओळखायचा ती कडाही पुसट होते. याला ‘टिनिया इनकॉग्निटो’ म्हणतात. मग नुसतं बघून तो इसब आहे की नायटा हे ठरवणं अवघड जातं आणि खपली खरवडून केओएच तपासणी करावी लागते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं त्वचेच्या पेशी विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात.

टक्क्यांवरून मलम सौम्य आहे असं समजू नका. ०.०५ टक्के क्लोबेटासॉल हे १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन या सौम्य स्टिरॉइडपेक्षा कितीतरी जास्त तीव्र असतं. जांघेत त्वचा पातळ असते आणि घडीत औषध जास्त शोषलं जातं. तिथे ते लावत राहिलं तर त्वचा आणखी पातळ होते, ताणल्यासारखे पट्टे पडतात, आणि ते पट्टे पूर्णपणे जात नाहीत. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

यावरून स्टिरॉइडला वाईट ठरवू नका. इसब किंवा सोरायसिसमध्ये दाह हाच मुख्य त्रास असतो, तिथे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लावलेलं स्टिरॉइड उत्तम काम करतं. भीतीपोटी ते न लावणारेही विनाकारण त्रास काढतात.

नवी ट्यूबही तपासा. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेली मलमंही मिळतात. तुम्हाला नुसतं बुरशीचं औषध हवं, उदाहरणार्थ टर्बिनाफिन किंवा ल्युलिकोनॅझोल. ते चट्ट्याच्या कडेबाहेर साधारण दोन सेंटीमीटरपर्यंत लावतात. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा, बहुतेक जण नेमके इथेच थांबतात. संसर्ग बराच पसरला असेल तर पोटातून गोळ्या लागतात, त्या मात्र स्वतःच्या मनानं सुरू करू नका.

स्टिरॉइड थांबवल्यावर काही दिवस लाली आणि खाज वाढू शकते. घाबरून पुन्हा ती ट्यूब हातात घेऊ नका. पुढच्या भेटीत ती डॉक्टरांना दाखवा आणि किती दिवस लावत होता ते खरं सांगा, कारण उपचार किती दिवस द्यायचे हे त्यावरही ठरतं. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांनाही सोबत न्या. टॉवेल आणि कपडे मात्र आजपासूनच वेगळे करा.