दावा मनाईचा, ताबा मात्र गेला

प्रश्न : शेजाऱ्याविरुद्ध 2022 मध्ये मनाईचा (माझ्या जमिनीत त्याने ढवळाढवळ करू नये, असा) दावा लावला. गट नंबर 241 ऐवजी दाव्यात 214 टाइप झालाय, हे आत्ता लक्षात आलं. त्यात या मृगात त्याने बांध फोडून माझे 4 गुंठे नांगरले. माझं सरतपासाचं (म्हणजे माझ्या स्वतःच्या साक्षीचं) शपथपत्र देऊन झालंय. वकील म्हणतात, आता दुरुस्ती होत नाही. नवा दावा लावू का?
(एक वाचक, कराड तालुका)

उत्तर : घाई नको. वकिलांचं म्हणणं अर्धं खरं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6, नियम 17 ला 2002 पासून परंतुक (जोडलेली अट) आहे : सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी, तर पुरेशी काळजी घेऊनही ही गोष्ट आधी मांडणं शक्य नव्हतं, हे कोर्टाला पटवावं लागतं. सरतपासाचं शपथपत्र दिलं की सुनावणी सुरू झाली, असं सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये सांगितलं. म्हणजे ती रेघ तुम्ही ओलांडलीत.

पण यंदा फुटलेला बांध 2022 च्या दाव्यात कुठून येणार? परंतुकाला उत्तर तिथेच आहे. अर्जात तारीख, ट्रॅक्टर कुणाचा, किती सऱ्या मोडल्या, सगळं लिहा. ‘अतिक्रमण केले’ एवढ्यावर भागवू नका. विनंती कलमात (कोर्टाकडे काय मागता, ते लिहितात तिथे) ताबा मागा. कोर्ट फी वाढेल, ती भरा. संपतकुमार विरुद्ध अय्याकन्नू (2002) या निकालात मनाईच्या दाव्यात 11 वर्षांनी मागितलेला ताबा सुप्रीम कोर्टाने दुरुस्तीने घालू दिला. मात्र तिथे सुनावणी सुरू झालेली नव्हती, आणि ताब्याची मागणी दाव्याच्या नव्हे, दुरुस्ती अर्जाच्या तारखेपासूनच धरली गेली. म्हणून उद्यावर टाकू नका.

गट नंबरचं वरवर सोपं. चतुःसीमा बरोबर असतील, सातबारा दाखल असेल, तर ही टायपिंगची चूक म्हणून सहसा मान्य होते. पण निशाणी 5 चा (दावा चालू असेपर्यंतचा तात्पुरता) मनाई हुकूम मिळाला असेल तर तो काढून बघा. त्यातही 214 असेल, तर ‘मी 241 नांगरला, हुकूम कुठे मोडला?’ असं शेजारी म्हणणारच. शपथपत्रातही तोच आकडा उतरला असेल.

अर्ज मंजूर झाला म्हणजे दावा दुरुस्त झाला, असं नव्हे. आदेशात मुदत नसेल तर 14 दिवसांत दुरुस्ती मूळ दाव्यात घालावी लागते. एकदा पक्षकाराने आदेशाचे पेढे आणले, मी खाल्ले, आणि दुरुस्ती राहिली. मुदतवाढीच्या अर्जावर कोर्टाने लावलेला खर्च मी माझ्या खिशातून भरला.