बायोडेटात खो-खो लिही

अरे, शाळेत चार वर्षं खो-खो खेळलास आणि बायोडेटात 'छंद : वाचन' एवढंच? आधी ते बदल.

आठ जण एका ओळीत आपापल्या चौकोनात बसलेले, तोंडं आळीपाळीने उलट दिशांना. धावतो एकटा नववा. खो द्यायचा तो मागून, पाठीला हात लावून आणि मोठ्याने. नुसतं तोंडाने म्हटलं की फाउल. नोकरीत काम दुसऱ्याकडे सोपवताना नेमकं हेच चुकतं. मेल टाकून मोकळे होतात, समोरच्याला पत्ताच नसतो. पहिल्या वर्षी मी अशीच एक फाईल अडकवली होती. तेव्हापासून मेल गेला तरी उठून टेबलापाशी जाऊन सांगतो.

आणि ते बसून राहणं! कितीतरी वेळ खो येत नाही, तरी पाय उठायच्या तयारीत ठेवावे लागतात. नव्या माणसाचे पहिले काही महिने असेच जातात, कंटाळू नकोस.

मुलाखतीत मात्र 'टीमवर्क शिकलो' असं मोघम बोलू नकोस, ते सगळेच म्हणतात. एखादा सामना सांग : पळणारा हुलकावणी देऊन मागे निसटला, तुझी दिशा ठरलेली, वळता येत नव्हतं, मग खो कोणाला दिलास आणि का. पदक नसलं तरी चालेल. माझ्याकडेही नव्हतं एकही.