मान म्हणजे काय? चिऊला पत्र

प्रिय चिऊ,

रविवारी फोनवर आजी म्हणाली, "यंदा जत्रेत पालखीला पहिला खांदा द्यायचा मान आपल्या घराचा आहे, कुणीतरी या रे." फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "बाबा, मान म्हणजे बक्षीस की काम? आणि तो आपलाच देव मानणाऱ्यांना मिळतो का?" मी गाडी चालवत होतो, नंतर सांगतो म्हणालो. तू झोपलीस, म्हणून आता लिहितो.

मान म्हणजे काम. पण ते तुमच्याच हातून व्हावं लागतं, आणि तुम्ही येईपर्यंत गाव थांबतं. आपल्याकडे पालखीपुढच्या दिवटीत तेल घालायचा मान मुलाण्यांच्या घराचा. मी तुझ्याएवढा होतो तेव्हा त्यांच्यातले एक आजोबा पितळी बुधली घेऊन यायचे, चिंध्यांवर बारीक धार धरायचे, वात भप्पकन पेटायची आणि मगच पालखी उचलायची. ते गाभाऱ्यात येत नसत, पारापाशी उभे राहत. आत या, पाया पडा, असं त्यांना कुणी म्हणत नसे, आणि त्यांच्यावाचून पालखीही हलत नसे. देहूहून निघालेली तुकोबांची पालखीसुद्धा पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी घेते, तिथे आरती होते.

आता तू पाहिलेला सोहळा आठव. ६ मे २०२३, लंडनचं वेस्टमिन्स्टर ॲबी हे चर्च, ब्रिटनचे राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक. पुठ्ठ्याचा मुकुट घालून तू टीव्हीसमोर बसली होतीस. विधी पूर्ण ख्रिस्ती होता. अभिषेकाचं तेलसुद्धा जेरुसलेममध्ये मंत्रून आणलेलं. त्यात काहीच पातळ केलं नाही, आणि ते मला योग्य वाटतं. ज्याच्या घरचं कार्य, त्याने ते आपल्या रीतीनेच करावं.

पण राजाला द्यायच्या वस्तूंचे मान त्यांनी वाटले. अंगठी आणली नरेंद्र पटेल यांनी, ते हिंदू. हातमोजा इंद्रजित सिंग यांनी, ते शीख. सोन्याची कंकणं सय्यद कमाल यांनी, ते मुसलमान. राजवस्त्र जिलियन मेरॉन यांनी, त्या ज्यू. या चौघांसाठी मुद्दाम अशाच वस्तू निवडल्या, ज्यांना थेट ख्रिस्ती अर्थ नाही. क्रूस असलेला गोल आणि राजदंड ख्रिस्ती हातांतच राहिले. कुणाला आपली श्रद्धा दाराबाहेर ठेवून यावं लागलं नाही. इंग्लंडच्या चर्चचे तेव्हाचे मुख्य धर्मगुरू, आर्चबिशप जस्टिन वेल्बी, आणि त्यांच्या माणसांनी हे फार बारकाईने जुळवलं होतं.

मला सगळ्यात भावली ती ज्यूंच्या मुख्य रब्बींची, म्हणजे धर्मगुरूंची, एफ्राइम मिर्विस यांची सोय. तो शनिवार होता, म्हणजे त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशी ते गाडीत बसत नाहीत, मायक्रोफोन वापरत नाहीत. म्हणून राजाने त्यांना आदल्या रात्री सेंट जेम्स पॅलेसमध्ये मुक्कामाला बोलावलं, तिथून ॲबीपर्यंत चालत जाता येतं. आणि शेवटी ज्यू, हिंदू, शीख, मुस्लिम आणि बौद्ध प्रतिनिधींनी राजाला एकत्र अभिवादन केलं, तेव्हा माइक ठेवलाच नाही. जगभर टीव्हीवर चाललेल्या सोहळ्यात ते शब्द नीट ऐकू येणार नाहीत, हे चालवून घेतलं. पाहुण्याचा उपास आठवणीत ठेवून त्याच्यासाठी वेगळं ताट वाढणारी आपली आजी मला त्या क्षणी आठवली.

तर तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, फक्त आपल्या देवाच्या माणसांना नाही. मान गावातल्या माणसांना मिळतो.

चैत्रातली जत्रा यंदा तुझ्या ईस्टरच्या सुट्टीत येतेय. मी तिकिटं बघतोय. खांदा मी देईन. तू दिवटीपाशी उभी राहा. आता बुधली त्या आजोबांच्या नातवाकडे असते. तेल घालताना धार किती बारीक धरतात ते जवळून बघ.

तुझा,
बाबा