पडद्यावरचे भास आणि वेड लागण्याची धास्ती

वास्तव कोणते आणि भास कोणता, हे शेवटपर्यंत कळू न देणारे भयपट पाहिल्यावर ‘मला वेड तर लागत नाही ना?’ या धास्तीने काही जण समुपदेशनासाठी येतात. त्यांपैकी एका विद्यार्थ्याचा अनुभव, त्याची ओळख उघड होणार नाही अशा बेताने, येथे मांडते.

परीक्षेची जागरणे सुरू असतानाच त्याने मध्यरात्री असा एक चित्रपट पाहिला. पुढे एका पहाटे जाग आली, तेव्हा कपाटाशी कोणीतरी उभे असलेले त्याला स्पष्ट दिसले. छातीवर दडपण आले आणि ओरडावेसे वाटूनही तोंडातून शब्द फुटेना. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे आरईएम अवस्थेत, मेंदू शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल ठेवतो. जाग आल्यावरही ती शिथिलता काही क्षण टिकली, तर डोळे उघडे, अंग निश्चल आणि स्वप्नातली आकृती थेट खोलीत, अशी स्थिती होते. हाच स्लीप पॅरालिसिस. अपुरी झोप, ताण आणि उताणे झोपणे यांमुळे त्याची शक्यता वाढते. चित्रपटाने बहुधा त्या आकृतीला चेहरा तेवढा पुरवला होता.

मला अधिक काळजी वाटली ती त्याच्या दिवसांची. तो भिंतीला हात लावून पाहत असे आणि खोलीतल्या मित्राला ‘तुलाही ऐकू आलं ना?’ असे पुन्हा पुन्हा विचारत असे. हे चित्रपट पात्राचा भास आपल्याला त्याच्याच नजरेतून खरा म्हणून दाखवतात आणि मग खोटा ठरवतात, त्यामुळे स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास थोडा वेळ डळमळणे स्वाभाविक आहे. मात्र प्रत्येक पडताळणीने क्षणभर हायसे वाटते आणि शंका अधिकच बळावते. म्हणून झोपेची वेळ ठरवण्याबरोबरच, शंका आली तरी पडताळणी न करता हातातले काम चालू ठेवण्याचा सराव आम्ही केला. सुरुवातीला ते त्याला फार जड गेले. हळूहळू विचारणे कमी झाले आणि झोपही सुधारली.

आपल्याला भास होतो आहे अशी शंका त्याला स्वतःलाच येत होती, हे आश्वासक लक्षण होते, पण केवळ त्यावर मी विसंबले नाही. पूर्ण जागेपणी आवाज ऐकू येणे, कोणी पाळत ठेवत असल्याची खात्री वाटणे, नशेचे पदार्थ घेणे, हे सारे मी त्याला विचारले. यांपैकी काही असेल, तर चित्रपटाला दोष देत न थांबता मनोविकारतज्ज्ञांना लवकर भेटावे.